तीन फूट एक इंच

१

रविवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. चार मजली इमारतीचा तिसरा मजला, जिना चढल्यावर उजवीकडचं शेवटचं दार. हजर माणसं: दोन पोलीस, एक कुलूपवाला, शेजारच्या काकू आणि मी. शिवाय काकूंचं मांजर. ते दाराखालच्या फटीला नाक लावून बसलं होतं आणि पाय आपटला तरी हलत नव्हतं. दार आतून बंद होतं. अर्धा तास हाका मारल्या, मग पहारीने ते उचकटलं. आत दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, गॅलरी. खिडक्यांना गज. गॅलरीला कबुतरांसाठी लावलेली जाळी, तिचा एक धागाही तुटलेला नाही. घरात कुणी नव्हतं.

घर माझ्या थोरल्या बहिणीचं.

"गेल्या असतील कुणाकडे तरी," मोठा पोलीस म्हणाला.

"दार आतून लावून?"

"होतं असं कधी कधी."

चौतीस वर्षं बातमीदारी केली, त्यातली निम्मी हे वाक्य ऐकण्यात गेली. पूल पडला, होतं असं कधी कधी. औषधाच्या बाटलीत भलतंच निघालं, होतं असं कधी कधी. त्या वाक्याच्या मागे लागून मी लोकांच्या खुर्च्या हलवल्या आहेत. आता माझाच पेपर मला सांगतो की थोडी विश्रांती घ्या, धक्का बसलाय तुम्हाला. बसलाय. पण धक्का बसलेल्या माणसालाही फूटपट्टी वाचता येते. म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहितो. अर्थ लावायचं काम ज्यांना त्यासाठी पगार मिळतो त्यांनी करावं.

२

ताई शाळांचे गणवेश शिवायची. भावजी जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून एकटीच. पुढच्या खोलीत पायाने चालवायचं शिलाई मशीन, भिंतीशी कापडाचे गठ्ठे आणि दोरीवर टांगलेले नमुन्याचे निळे शर्ट. छत्तीस नंबर, चौतीस, बत्तीस, असे उतरत उतरत वीसपर्यंत. आया मुलांना घेऊन यायच्या. ताई टेप गळ्यातच ठेवून नुसतं बघायची आणि सांगायची, "अठ्ठावीस. पण तीस घ्या, वर्षभर पुरेल." तिचं माप चुकलेलं कुणाला आठवत नाही.

आठ महिन्यांपूर्वी तिने गॅलरीत ठेवायला अंजिराचं झाड आणलं. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर एक नर्सरी आहे, तिथे पाटीच होती: बुटकं अंजीर, घरात लावा, उंची वाढणार नाही, लेखी हमी. हमी म्हणजे एक जाड कार्ड. त्यावर शाईने उंची लिहिलेली, कुंडीसकट तीन फूट एक इंच, खाली शिक्का आणि सही.

"त्याने मला झाडाशेजारी उभं केलं," ताई तेव्हा फोनवर सांगत होती. "म्हणाला, कुठवर येतं ते नीट बघून घ्या. मी म्हटलं, कमरेला. तर म्हणाला, झालं, आता हे तुमचं. दुसऱ्या कुणाला शेजारी उभं राहू देत नाही म्हणे. ज्याचं झाड त्यानेच."

"दुकानदाराचे चाळे."

"असू देत. पान बघ एकेक, तळहाताएवढं आहे. आणि अंजिरं धरलीत रे चार."

तीन महिन्यांनी पुन्हा फोन आला. या वेळी आवाज चढलेला.

"तोफखान्या, तुझी ती तोफ काढ बाहेर." माझ्या सदराचं नाव 'जाब'. ताई मात्र मला, सदराला आणि माझ्या स्वभावाला मिळून तोफखाना म्हणायची. "त्या माणसाने फसवलंय. झाड वाढतंय. कमरेला होतं ते आता बरगड्यांना लागतं."

मी त्याच संध्याकाळी गेलो. ताई मशीनवर बसली होती, उठली नाही. डोळ्यांनीच गॅलरीकडे खूण केली. मी खिशातला टेप काढला आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत मोजलं. तीन फूट एक इंच. पुन्हा मोजलं. तीन फूट एक इंच. कार्ड आणून तिच्यापुढे धरलं.

"तुझा टेप बघू," ती म्हणाली. तिने तो आपल्या टेपला लावून पाहिला. दोन्ही बरोबर. मग तिने माझा टेप गुंडाळून परत दिला. खुर्चीवर तिने उशी घेतली होती, एवढं मला दिसलं होतं. ते मी वहीत लिहिलं नाही.

३

ताईची तक्रार मी दोन ओळींत छापली, नाव न देता. आठवड्यात सहा पत्रं आली. सगळी त्याच नर्सरीच्या झाडांबद्दल, सगळ्यांची रड एकच. गणिताचे एक मास्तर लिहितात, झाड छातीपर्यंत आलं, ही उघड फसवणूक आहे. एक नळदुरुस्तीवाला लिहितो, काकुळतीला येऊन, की झाड खांद्याला लागलं, काहीतरी करा.

बातमीदाराला अशा वेळी वास येतो. एकाची तक्रार म्हणजे कुरकुर, सात जणांची म्हणजे बातमी. मी सहाही घरं पालथी घातली.

सगळीकडे तीन फूट एक इंच.

या धंद्यातला पहिला धडा मला माझ्या पहिल्या संपादकाने शिकवला होता: तक्रार ज्या वस्तूची असेल ती वस्तू मोज, माणसाचं ऐकत बसू नकोस. माणूस रडतो, चिडतो, वाढवून सांगतो. वस्तू वाढवून सांगत नाही. या धड्यावर मी पोट भरलं. त्या सहा घरांतही तसाच वागलो. वाकून झाड मोजलं, आकडा लिहिला, कार्डाशी ताडला, आणि माणसाकडे पाहिलं ते सही घेण्यापुरतं.

पण डोळे उघडेच असतात ना. मास्तरांच्या पँटची टोकं तीनदा दुमडलेली होती. त्यांच्या बेसिनपुढे पाट ठेवलेला होता. नळदुरुस्तीवाल्याच्या घरी आरसा खाली उतरवलेला होता आणि वरचा जुना खिळा तसाच भिंतीत होता. त्याने दार उघडलं तेव्हा मी सवयीने समोर बघितलं आणि क्षणभर मला वाटलं दारात कुणीच नाही.

"आधी किती होती तुमची..." मी विचारायला लागलो.

"काय?"

"काही नाही. झाडाला पाणी किती घालता?"

मला काय विचारायचं होतं ते मला माहीत होतं, असं आज म्हणणं खोटेपणाचं होईल. पण मी प्रश्न गिळला होता, हे खरं आहे.

४

माझा संशय नर्सरीवाल्यावर होता. ग्राहकाची पाठ वळली की वाढलेलं झाड उचलायचं आणि लहान ठेवायचं, अशी काहीतरी चलाखी. म्हणून ताईच्या कुंडीच्या बुडाला मी खिळ्याने फुली मारून आलो. पंधरा दिवसांनी पाहिली. फुली जागेवर, झाड तेच, उंची तीच.

मग सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. पत्र्याची शेड, आत ओल आणि हिरवा अंधार. चारीकडे अंजिरं, सगळी एका उंचीची, जणू वरून दोरी ताणून कापली आहेत. तो उंच गल्ल्यामागे बसला होता. गोल चेहरा, तुळतुळीत दाढी, बोलणं मध लावून.

"या साहेब, तुमची वाटच बघत होतो. पेपरवाले ना?"

"झाडं बदलता तुम्ही?"

"कशाला बदलू?"

"कुंडीला खूण करून आलोय मी."

"सगळेच करतात. पुसली गेली का?"

"नाही."

"मग झालं की!" तो मनापासून हसला. "मोजलंत?"

"मोजलं."

"वाढलं?"

"नाही."

"मग साहेब, माझा गुन्हा काय?"

चौतीस वर्षांत मंत्र्यांना, बिल्डरांना, डॉक्टरांना मी निरुत्तर केलं आहे. तिथे मी वही उघडून तेच सात आकडे पुन्हा वाचले. शेवटी म्हणालो, "लोक म्हणतात, झाड वर चढलं. सात घरांतले लोक. ते सगळे खोटं बोलतात?"

त्याचं हसू गेलं नाही, फक्त जरा बारीक झालं. "लोक झाडाबद्दल बोलत असतील तर चुकतायत. झाड वाढणार नाही, एवढं मी लिहून दिलंय. बाकी कशाचंही मी लिहून दिलेलं नाही. कार्ड वाचा नीट."

मी निघालो. शेडच्या दारातून मागे वळून पाहिलं, तर गल्ल्याच्या कडेने आतली बाजू दिसत होती. त्याच्या स्टुलाला तीन पायऱ्यांची लाकडी शिडी लावलेली होती. माणूस स्टुलावर बसायला शिडी कशाला लावेल, हा विचार माझ्या मनात आला आणि बस आल्यावर गेलाही.

५

पुढच्या मंगळवारी 'जाब' छापून आला. मथळा मीच दिला होता: 'झाड तेवढंच, ओरड मोठी'. सात घरं, सात मोजमापं, सात वेळा तीन फूट एक इंच. शेवटी मी वाचकांना दोन शब्द सुनावले होते, की बाबांनो, तक्रार करायच्या आधी टेप हातात घ्या. लेख गाजला. ऑफिसात दोन दिवस सगळे एकमेकांना "काय, छातीला लागलं का?" म्हणून डिवचत होते. नर्सरीवाल्याने लेखाचं कात्रण काच लावून शेडमध्ये टांगलं आणि त्या महिन्यात त्याचा सगळा माल उठला, हे मला नंतर कळलं. मला न विचारता टांगलं. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो, हे त्याहून वाईट.

ताईने लेख वाचून फोन केला नाही. असं कधी झालं नव्हतं. शिव्या घालायला तरी ती फोन करायची. शनिवारी दुपारी मीच गेलो.

"दार उघडंच आहे," आतून आवाज आला.

ती मशीनवर होती. खुर्चीवर दोन उशा. पाय खाली पोचत नव्हते, म्हणून उजव्या हाताने चाक फिरवत होती आणि डाव्या हाताने कापड सरकवत होती. अंगात निळा शर्ट. मी दोरीकडे पाहिलं. तिथे चोवीस आणि वीस यांच्यामध्ये नुसता हँगर लटकत होता.

"हा काय वेष?"

"नमुन्याचा आहे. कॉलरची शिवण बघायला घातला."

"तुला कसा होतो बावीस नंबर?"

ताईने चाक थांबवलं. "तूच सांग, कसा होतो."

मोठ्या खुर्चीत बसलेलं माणूस लहान दिसतंच. आजारातून उठलेलं माणूस लहान दिसतं. साठीनंतर हाडं झिजतात. हे सगळं मी त्या क्षणी मनात म्हणालो, एकामागून एक. जिना चढताना मोजून श्वास घ्यावा तसं.

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणालो. "अशक्तपणा आहे हा."

"जाऊन आले. म्हणाला, वयाने इंच दोन इंच कमी होतं माणूस, घाबरू नका. त्याने वजन केलं, रक्त घेतलं. उंचीचं काही बघितलं नाही." तिने गळ्यातला टेप काढला आणि माझ्यापुढे धरला. "तू बघ. मला मोज."

"ताई..."

"झाड तीनदा मोजलंस. एकदा मला मोज. माझं मी मोजते रोज, वहीत लिहिते, पण आपलं माप आपण घेतलं की चुकतं, हे मीच मुलींना शिकवते. दुसऱ्याने घ्यायला हवं. तुझ्याशिवाय दुसरं आहे कोण मला?"

टेप तिच्या हातातून जमिनीपर्यंत लोंबत होता. मला आठवतं, त्याचं पितळी टोक फरशीवर टकटक वाजत होतं.

आणि मी म्हणालो, हे शब्द मला पुसता येणार नाहीत, मी म्हणालो, "तक्रार झाडाची होती ना? ती संपली. आता नसतं खूळ काढू नकोस."

तिने टेप पुन्हा गळ्यात घातला. "बरं," एवढंच म्हणाली. निघताना मी तिला सांगितलं की झाड उचलून नेतो, देऊन टाकू कुणाला तरी.

"नको," ती घाईने म्हणाली. "पायऱ्यांवर ठेवून पाहिलं होतं दोन रात्री. तेव्हा जास्त झालं."

काय जास्त झालं, हे मी विचारलं नाही. दाराबाहेर काकूंचं मांजर बसलं होतं. ताई त्याला रोज दूध घालायची. आतून तिचा आवाज आला, "त्याला हाकल रे जाताना. हल्ली फार टक लावून बघतं माझ्याकडे."

६

झोप लागेना, म्हणून सोमवारी पुन्हा मास्तरांकडे गेलो. त्यांच्या बायकोने दार अर्धंच उघडलं.

"मास्तर आहेत का?"

"आराम करतायत."

"दोन मिनिटं बोलायचं होतं."

"भाऊ, लेख छापलात ना तुम्ही? झाड बरोबर, आम्ही खोटे. मग आता काय मोजायला आलात?"

तिच्या मागे, खोलीच्या आतून कुणीतरी बोललं. शब्द कळले नाहीत. आवाज मास्तरांचाच होता, तोच करडा, वर्गावर ओरडून घोगरा झालेला. पण तो फार खालून येत होता, पलंगाखालून यावा तसा. बाईने मागे पाहिलं नाही. माझ्याकडे बघतच तिने दार लावलं. तिच्या खांद्यावरून मला जेवढं दिसलं त्यात झाड होतं, खिडकीत, आणि झाडाशेजारी भिंतीवर पेन्सिलच्या रेघा होत्या, मुलांची उंची लिहितात तशा. मास्तरांना मूलबाळ नाही.

नळदुरुस्तीवाल्याच्या दाराला कुलूप होतं. त्याचं अंजीर बाहेर जिन्यात ठेवलेलं. मी टेप लावला. लावायची गरज नव्हती.

७

गुरुवारी दुपारी चार वाजता मी ताईकडे गेलो. या वेळी मी ठरवून गेलो होतो: तिला मोजायचं. नवा कोरा स्टीलचा टेप घेतला होता, दुकानदारासमोर दुसऱ्या टेपला लावून तपासलेला.

दार नुसतं लोटलेलं होतं.

"ताई?"

"कोण, तोफखाना? ये. दार लाव मागे. नीट लाव, मांजर येईल."

आवाज स्वच्छ होता, पण मशीनवर कोणी नव्हतं. खुर्चीवर उशा नव्हत्या. पलंग नीट घातलेला. दोरीवर हँगर सगळे रिकामे, वीस नंबरचाही.

"कुठे आहेस?"

"इथेच. गॅलरीत. पुढे येऊ नकोस."

मी खोलीच्या मध्यावर थांबलो. गॅलरीच्या उंबऱ्यापासून चार पावलांवर. अंजीर उन्हात उभं होतं, भरलेलं, खालच्या फांद्या कुंडीच्या काठावरून बाहेर झुकलेल्या. कुंडीला टेकून शिलाईच्या दोऱ्याची रिळं रचलेली होती. आडवी चार, त्यावर तीन, त्यावर दोन. जिन्यासारखी.

"दार उघडं टाकून बसतेस? कुणीही आत येईल."

"कडीला हात पोचत नाही माझा," ताई म्हणाली, जणू डबा वरच्या फळीवर राहिला आहे इतक्या सहज. "उद्या सुतार येतोय. त्याला फोनवर सांगितलंय, दुसरी कडी बसवून दे म्हणून. ती बसली की मग काळजी नाही. आतून लावून घेतली की ते मेलं मांजर येणार नाही. रात्री फटीतून पंजा घालतं रे."

"ताई, बाहेर ये. मी तुला मोजतो. टेप आणलाय."

झाडात काहीतरी हललं. वारा नव्हता.

"आता नको," ती म्हणाली. "तेव्हा म्हटलं होतं."

मी एक पाऊल पुढे टाकलं. तेव्हा मला कुंडीच्या मातीवर, बुंध्याला धरून, निळा रंग दिसला. शर्टाचं कापड, गणवेशाचं, वर्षानुवर्षं तिच्या घरात पाहिलेलं. त्याच्यावर, चेहऱ्याच्या जागी, एक पान होतं. ते पान कुणीतरी मागून दोन्ही हातांनी धरलेलं असावं, कारण बाकीची पानं स्थिर होती आणि ते एकच थरथरत होतं. साधं पान होतं. माझ्या तळहाताएवढं. त्याच्या एकाही कडेने मागचं काही बाहेर आलेलं दिसत नव्हतं, ना कान, ना केस.

"बघू नकोस ना रे," ताईचा आवाज आला. पानामागून.

मी बातमीदार आहे. जळत्या गोदामात शिरलो आहे, दंगलीत उभा राहिलो आहे. मी तिथून पळालो. दार मात्र मागे नीट ओढून घेतलं, कारण पायऱ्यांवर मांजर बसलं होतं. तेवढं एक काम मी केलं.

ती मातीत बसली असेल, मी उभ्याने, वरून खाली पाहिलं म्हणून अंतराचा अंदाज चुकला असेल, उन्हाने डोळे दिपले असतील. शुक्रवारचा सगळा दिवस मी या वाक्यांत काढला. संध्याकाळी फोन केला, ती बोलली. आवाज बारीक होता. "कडी बसली," म्हणाली. "आता निवांत." शनिवारी फोन वाजत राहिला. रविवारी मी पोलिसांना घेऊन गेलो.

८

सुताराला मी स्वतः शोधून काढलं, पोलिसांनी नाही.

"बाई दिसल्या का तुम्हाला?"

"नाही साहेब. दार उघडंच होतं. आतून म्हणाल्या, या, तिथेच दाराला बसवा. मी म्हटलं, एवढ्या उंचीवर बसवू? म्हणाल्या, खाली. अजून खाली घेतलं. म्हणाल्या, अजून खाली घ्या, हात पुरायला हवा. मला वाटलं घरात लहान मूल आहे."

"लहान मुलाच्या हाताला येईल अशी कडी कुणी बसवतं का?"

सुताराने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. मग म्हणाला, "मी पण तोच विचार करत होतो. पण गिऱ्हाईक सांगेल तसं करायचं असतं."

पंचनाम्यात पोलिसांनी जे लिहिलं ते असं: एक शिलाई मशीन. मशीनवर नव्हे, खाली फरशीवर, सुई-दोरा आणि निळ्या कापडाचा अर्धवट शिवलेला शर्ट, बाहुलीचा असावा, लांबी दोन इंच. ताईकडे बाहुली कधीच नव्हती, लहानपणीही नाही. हे मी सांगितलं, ते लिहून घेतलं नाही. मापांची एक वही. तिचं शेवटचं पान मी वाचलं. शनिवारच्या तारखेपुढे आकडा होता, पण इतक्या बारीक अक्षरात की मोठ्या पोलिसाने चष्मा वर करून पाहिलं आणि "शाईचा डाग" असं लिहिलं. गॅलरीत अंजिराचं एक झाड. मी हट्ट धरला म्हणून त्यांनी ते मोजलं. तीन फूट एक इंच.

मास्तरांच्या घराला आता कुलूप आहे. नर्सरी चालू आहे. माझा लेख तिथे अजून काचेत टांगलेला आहे. तो काढायला मी गेलो तेव्हा नर्सरीवाला गल्ल्यामागून दिसला नाही, नुसता बोलला. "साहेब, त्यात एक तरी आकडा खोटा आहे का?" नाही. एकही नाही.

पोलीस म्हणतात, बाई दार ओढून घेऊन कुठेतरी निघून गेल्या. ओढून घेतलं की आपोआप लागतं असं कुलूप त्या दाराला नाही. कड्या दोन आहेत. दार उचकटलं तेव्हा वरची कडी उघडी होती. दार धरून ठेवलं होतं ते खालच्या कडीने. ती जमिनीपासून नऊ इंचांवर आहे, आणि आतून पूर्ण सरकवलेली होती.